अनुभव धागा: आई-बाबांबरोबर मासे धरायला गेलेला दिवस

परवा लेकीला गळ बांधायला शिकवत होतो. तिनं विचारलं, "तुला कुणी शिकवलं?" त्यावरून हा धागा. समुद्राला लागून असलेलं सरोवर, गोव्यातलं खाजन, केरळातलं कायल (बॅकवॉटर), काहीही चालेल; पाणी थोडं तरी खारं हवं आणि सोबत आई किंवा बाप हवा. ते पाणी आता कसं आहे तेही लिहा. फक्त "आमच्या काळी" जरा आवरतं घ्या.

चिल्काकाठचा

१९९८. बाबा नौदलात, पोस्टिंग ओडिशात चिल्का सरोवराकाठच्या आयएनएस चिल्का या नौदल तळावर. मी नऊ वर्षांचा. सुट्टीच्या दिवशी पहाटे एका ओळखीच्या नावाड्याबरोबर निघायचो. बाबा त्याला मउसा म्हणत, म्हणून मीही. पावसाळ्यात अकराशे चौरस किलोमीटरवर पसरणारं सरोवर, पण पाणी बहुतेक ठिकाणी पुरुषभरच. मउसा लांब बांबू तळाला टेकवून नाव ढकलायचा. त्या दिवशी बांबू दर खेपेला गवताचा लगदा घेऊन वर येत होता. त्यानं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि भेसळीचं दूध चाखल्यासारखं तोंड केलं. "मिठा."

गोडं पाणी म्हणजे चांगलंच की, असं मला वाटलं. बाबांनी घरी येऊन पाटीवर काढून दाखवलं: दया आणि भार्गवी नद्या गाळ आणतात, किनाऱ्यानं सरकणारी वाळू समुद्राकडचं तोंड बुजवते. खैंगा, म्हणजे आपली बोय, अंडी घालायला समुद्रात जाते आणि पिल्लं त्याच तोंडानं आत येतात. तोंड बुजलं की येणं-जाणं संपलं.

अकरापर्यंत बसून तीन कुंडळे मिळाले. त्यातला एक मी गळातून सोडवताना हातातून निसटला. बाबा काही बोलले नाहीत, पुढचा गळ माझ्याच हातात दिला.

२३ सप्टेंबर २००० ला सिपकुडाजवळ वाळूची पट्टी कापून नवं मुख उघडलं. तोवर आमची बदली झाली होती. जानेवारी २००३ मध्ये पुन्हा गेलो, तेव्हा बांबू स्वच्छ वर येत होता. मउसानं बोट चाखलं, थुंकला आणि हसला, "लुणिआ!" दोन हजार टनांच्याही खाली गेलेली वर्षाची मासळी तोवर अकरा हजारांवर गेली होती. कोळंबीच्या घेऱ्या मात्र जागच्या जागी. बांबू आणि जाळ्यांची ती कुंपणं टाळायला त्याला अर्धा तास वळसा घ्यावा लागला, आणि त्या अर्ध्या तासात त्यानं घातलेल्या शिव्यांमुळे माझं ओडिया बरंच सुधारलं.

खाजनाकाठची

आमच्याकडे गरवायला आईच न्यायची, बाबांना भरती-ओहोटी कळायची नाही. गोव्यातलं खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची शेतजमीन, बांध घालून राखलेली. बांधात मानस असते. भरतीचं पाणी जोर करायला लागलं की तिची लाकडी दारं आपोआप मिटतात, सुकतीला उघडतात. आम्ही सुकतीला मानशीजवळ बसायचो. गरीला कोळंबीचा तुकडा, पदरात तांदळाची भाकरी. शेवटो लागला की आई आधी त्याचे खवले उलट्या बाजूनं चाचपायची, का ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मासळी धरायच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. पावणी घेतलेला कुणी जास्त मासळीसाठी दारं अडकवून ठेवतो आणि खारं पाणी शेतात शिरतं. आमच्या शेतात असंच झालं. खारं सोसणारा कोरगूट भातसुद्धा त्या वर्षी गेला. पुढे बांध फुटला तो कुणी बांधला नाही. आता तिथे खारफुटी आहे, आणि खरं सांगायचं तर कालुंदर आधीपेक्षा जास्त मिळतं. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.

कोचीत नोकरी

माझं उलट आहे, मीच बाप. मुलगा सात वर्षांचा. केरळातल्या वेंबनाड सरोवरावर तण्णीरमुक्कम बंधाऱ्याच्या दक्षिणेला गेलो होतो. कुट्टनाडच्या भातशेतीत खारं पाणी जाऊ नये म्हणून सत्तरच्या दशकात बांधलेला. डिसेंबरात दरवाजे मिटतात. शेतकऱ्यांना ते मिटलेले हवेत, कोळ्यांना उघडे. गळ पाच वेळा टाकला, पाचही वेळा जलपर्णी. थोड्या अंतरावर बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून हातांनी चाचपून करिमीन धरत होत्या, शेजारी पातेलं तरंगतंय. मुलानं गळ खाली ठेवला आणि म्हणाला, बाबा, आपलं पातेलं कुठाय?

धागाकर्ता

@खाजनाकाठची, तुमचं कालुंदर, यांचं करिमीन आणि वरचा कुंडळा हा एकच मासा ना?

चिल्काकाठचा

एकच. निसटतोही तिन्हीकडे तसाच असणार, पाठीवरचे काटे उभे करून. अंगठ्यावर खूण आहे अजून.