औष्णिक केंद्राजवळच्या मातीची किरणोत्सर्गिता कशी मोजावी?

प्रश्न
एमएस्सीचा प्रकल्प आहे. कोळशावरच्या वीजकेंद्राभोवती गायगर काउंटर घेऊन फिरले. चिमणीजवळ आणि लांबच्या शेतात आकडा जवळपास सारखाच. राखेतल्या किरणोत्सर्गी द्रव्यांचा मातीवर परिणाम नाही, असं लिहून मोकळी होऊ का?

प्रतिसाद १
इतक्यात नको. गायगर नुसती किरणांची टकटक मोजतो. ती युरेनियमच्या मालिकेची (म्हणजे ते फुटत जाताना एकापाठोपाठ बनणाऱ्या द्रव्यांची), थोरियमच्या की साध्या पोटॅशियम-४० ची, हे त्याला कळत नाही. आणि हे सगळं मातीत मुळातच असतं. जगभरच्या मातीची सरासरी पाहा: किलोमागे युरेनियमच्या मालिकेतलं रेडियम-२२६ साधारण ३५ बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं), पोटॅशियम-४० सुमारे ४००. त्यात राखेने घातलेली भर शोधायची तर गॅमा स्पेक्ट्रोमीटरच हवा, म्हणजे किरणांच्या ऊर्जेवरून त्या कुठल्या द्रव्याच्या ते ओळखणारं यंत्र.

जागा निवडताना नांगरलेलं शेत टाळा. एक तर वरची माती खाली गेलेली असते, शिवाय फॉस्फेट खतातून युरेनियम येतं, पोटॅशमधून पोटॅशियम-४०. मग दोष कुणाला देणार? पडीक, सपाट जागा बघा. राख वरच बसते, म्हणून वरचा ५ सेंमीचा थर वेगळा घ्या, तुलनेला ३० सेंमी खालची माती वेगळी. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना.

प्रतिसाद २
प्रयोगशाळेत आमच्याकडे येणारी मुलं हमखास एकाच ठिकाणी घाई करतात. माती १०५ अंशांवर सुकवली, २ मिमीच्या चाळणीतून चाळली, डब्यात भरली की लगेच डिटेक्टरवर! अहो, रेडियम आपण मोजतो ते शिसं-२१४ च्या ३५२ आणि बिस्मथ-२१४ च्या ६०९ केईव्हीच्या (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं माप) रेषांवरून, म्हणजे त्या ठराविक ऊर्जेच्या किरणांवरून. ही दोन्ही रेडियमपासून बनणाऱ्या रेडॉन वायूनंतरची पिल्लं. सुकवता-चाळताना रेडॉन उडून गेलेला असतो, मग आकडा कमीच येणार. डबा हवाबंद करून चार आठवडे ठेवा. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवस, तेवढ्यात रेडियम आणि त्याच्या पिल्लांचा समतोल येतो. झाकणाच्या कडेला टेपचे दोन वेढे द्याच.

रेडियमची स्वतःची १८६ ची रेषा आहे खरी, पण युरेनियम-२३५ ची तिथेच येऊन बसते, मग दोन्ही वेगळ्या कळत नाहीत.

प्रश्नकर्ती
बरं. त्याच मालिकेतलं शिसं-२१० पण बघू का? ते भट्टीत वाफ होऊन बारीक कणांवर बसतं म्हणतात.

प्रतिसाद १
बघा, पण जपून. हवेतल्या रेडॉनमुळे ते पावसाबरोबर सगळीकडेच पडतं, त्यामुळे केंद्र नसलेल्या ठिकाणीही वरच्या थरात जास्तच सापडतं. तुलनेला तसाच पाऊस, तशीच माती असलेली लांबची जागा हवी. आणि रेषा ४६.५ केईव्हीची, म्हणजे निम्मीअधिक नमुन्यातच मुरू शकते. ती दुरुस्ती केल्याशिवाय आकडा लिहू नका.