थँक्सगिव्हिंगला मराठीत काय म्हणायचं? आभार, धन्यवाद की उपकारस्तुती?

कोरा_कागद:
मी कार्डं-बॅनर डिझाइन करते. नगरच्या एका ख्रिस्ती कुटुंबाचं काम आलंय, आजोबांचं हार्टचं ऑपरेशन नीट पार पडलं म्हणून घरी थँक्सगिव्हिंग सर्व्हिस ठेवलीये, मराठी मजकूर तुम्हीच बघा म्हणाले. मी बिनधास्त 'परमेश्वराचे आभारप्रदर्शन' टाकून प्रूफ पाठवलं. लगेच तिकडच्या आजींचा फोन, "बाळा, आभारप्रदर्शन म्हणजे कार्यक्रम संपला, उठा, चहा घ्या. आमचा तर सुरू व्हायचाय." त्यांना 'उपकारस्तुती' हवंय. मी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता आणि उपकार म्हटलं की माझ्या कानात आईचा आवाज येतो, "ताट उचललंस ते काय उपकार केलेस का?" बाकीच्या पाहुण्यांना कळेल का हो हे? सरळ 'धन्यवाद' टाकू का? शनिवारी छापायला जायचंय.

नगरी_पाणी:
आजींचं ऐका. आमच्याकडे नवं घर, नोकरी, दुखण्यातून उठणं, काहीही असो, पाळकसाहेबांना बोलावून उपकारस्तुतीची प्रार्थना होते आणि मग जेवण. थेस्सलनीकरांच्या पहिल्या पत्रात ५:१८ ला 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं आहे, ते आमच्या दारावर फ्रेम करून लावलेलं होतं. वडील ते वाक्य बरोबर महिन्याच्या २८ तारखेला म्हणायचे, पगार व्हायच्या आधी, त्यामुळे बरीच वर्षं मला 'स्थिती' म्हणजे घरची परिस्थितीच वाटायची.
'धन्यवाद' टाकू नका, गोंधळ होईल. स्तोत्र १०३ मध्ये 'परमेश्वराचा धन्यवाद कर' आहे ना, तिथे मूळ शब्द वेगळा आहे, आशीर्वादवाला. 'परमेश्वर धन्यवादित असो' म्हणतात तोच.

शुद्धलेखन_पोलीस:
धन्यवाद असाही हिंदीच्या रेट्याने आलेला आहे, मराठी माणूस आभार मानतो. आणि 'उपकारस्तुती' हा मिशनऱ्यांनी टेबलावर बसून जोडलेला समास, बोलीत नाहीच. 'कृतज्ञता' हा चांगला शब्द असताना हे कशाला?

नगरी_पाणी:
बोलीत नाही म्हणजे तुमच्या बोलीत नाही. आमच्या गल्लीत भाजीवालीपण म्हणते "आज उपकारस्तुती का तुमच्याकडे?" कारण त्या दिवशी बटाटे पाच किलो जातात. 'कृतज्ञता' मात्र मी फक्त सत्कार समारंभात ऐकलीये.

ग्रीकपुराण:
मी सेमिनरीत तीन वर्षं हिब्रू-ग्रीक रखडत शिकलोय, दोन पैसे टाकतो. हिब्रू शास्त्रात 'थँक्यू' ला नेमका शब्दच नाही. जो आहे तो 'तोदा', आणि त्याचं क्रियापद 'होदा', त्याचा अर्थ उघडपणे मान्य करणं, चारचौघांत बोलून दाखवणं. स्तोत्र १३६ ची सुरुवात 'होदू लादोनाय की तोव', मराठी बायबलमध्ये 'परमेश्वराचे उपकारस्मरण करा, कारण तो चांगला आहे', आणि पुढे २६ ओव्या, प्रत्येकीला 'त्याची दया सनातन आहे' हेच पालुपद. क्लाउस वेस्टरमान नावाचा जर्मन अभ्यासक तर म्हणायचा की इथे आभार आणि स्तुती वेगळ्या काढताच येत नाहीत. माणसं एकमेकांना थँक्यू म्हणत नाहीत, आशीर्वाद देतात. दावीद राजाने त्याचा सेनापती यवाब याचं म्हणणं ऐकलं तेव्हा यवाब पालथा पडून राजाला आशीर्वाद देतो, तेच त्याचं थँक्यू.
गंमत पुढे आहे. यहोशवाच्या पुस्तकात आखान लुटीचा माल तंबूत पुरतो, पकडला जातो, आणि यहोशवा त्याला म्हणतो देवाला 'तोदा' दे. म्हणजे गुन्हा कबूल कर! शब्द तोच.

कोरा_कागद:
म्हणजे कार्डावर 'कबुलीजबाब' टाकू? 😀

ग्रीकपुराण:
चेष्टा नाही, 'कबुली' अर्थाने खूप जवळ आहे, पण वाचून पोलीस स्टेशन आठवतं. ज्यांनी जुना करार ग्रीकमध्ये नेला त्यांनी मात्र बहुतेक ठिकाणी कबूल करण्याचंच क्रियापद वापरलंय. 'एउखारिस्तिया', ज्यावरून युकॅरिस्ट (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी), तो शब्द तिथे फक्त उशिराच्या पुस्तकांत सापडतो. नव्या करारात पौल मात्र तो भरभरून वापरतो. त्याच्या पोटात 'खारिस' आहे, म्हणजे कृपाही आणि कृपेबद्दलचे आभारही, देणं-घेणं एकाच शब्दात.

शुद्धलेखन_पोलीस:
ठीक, पण मराठीत 'आभार' मध्येही अर्थ आहेच. आ + भार. दुसऱ्याने केलेल्याचं ओझं आपण मान्य करतो, म्हणून आभार 'मानतात'. पोर्तुगीज 'ओब्रिगादो' म्हणजेही बांधील झालो. त्यावरूनच जपानी 'अरिगातो' आला.

माडाखाली:
अरिगातोची थाप कृपया नको, तो अस्सल जपानी 'अरिगाताशी' वरून आलाय आणि पोर्तुगीजांची जहाजं तिकडे पोचायच्या कितीतरी आधीचा आहे.
आमच्याकडे गोव्यात 'देव बरें करूं' म्हणतात. म्हणजे तू मला मदत केलीस, मी काय देणार, देव तुझं भलं करो. बिल देवाच्या नावावर. पण मग देवाचेच आभार मानायचे तर काय म्हणायचं? देवा, देव तुझं बरं करो? मी लहान असताना हा प्रश्न कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गात विचारला होता आणि बाहेर उभा राहिलो होतो.

आजोबा_ऑनलाइन:
आमच्या आईने आयुष्यात कुणाला थँक्यू म्हटलं नाही. फार तर "बरं झालं बाई तू होतीस". उपकाराची भाषा परक्याशी करायची, घरच्याशी नाही. मग देव घरचा की परका, ते आधी ठरवा.

नगरी_पाणी:
आजोबा 👌 पण उपकार हा शब्द परका नाही हो. तुकोबा संतांच्या उपकारांपुढे 'उतराई' कसं व्हावं म्हणतात, आणि मराठी बायबलमध्ये स्तोत्र ११६ ला अगदी तोच प्रश्न, परमेश्वराच्या उपकारांबद्दल मी त्याचा कसा उतराई होऊ, हाच शब्द. ज्याने भाषांतर केलं त्याच्या कानात नक्की अभंग असणार (हे माझं मत, पुरावा मागू नका). उत्तर तिथे असं की पेला उचलीन आणि उपकारस्तुतीचा यज्ञ करीन. म्हणजे फेड नाहीच, फक्त सांगणं. टोमणा मारताना उपकार वाईट वाटतो तो माणसं उपकार मोजतात म्हणून.

शुद्धलेखन_पोलीस:
बायबलचं भाषांतर सोप्या मराठीत व्हावं असं पंडिता रमाबाईंनाही वाटत होतं, त्यांनी केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं १९२४ साली छापून आलं, ते तरी बघा. बोलीतली मराठी हवी हे मी एकटाच म्हणत नाहीये.

नगरी_पाणी:
आत्ताच वर 'कृतज्ञता' सुचवणारे तुम्हीच ना? ती कुठल्या बोलीतली?

कुलाबकर:
उशिरा आलो. मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारा कोकणातला यहुदी, मूळ अलिबागकडचा, आता इस्राएलमध्ये. इथे बसमध्ये कुणी जागा दिली की 'तोदा', दुकानात 'तोदा', घरात मराठी बोलतानाही आता तोदाच तोंडात येतं, पोरं तर आभार म्हटलं की हसतात. इतका गुळगुळीत झालाय शब्द. पण यहुदी या नावाच्या पोटातच तो आहे. उत्पत्ती २९ मध्ये लेआला चौथा मुलगा होतो तेव्हा ती म्हणते यावेळी मी परमेश्वराचं स्तवन करीन, 'ओदे', म्हणून त्याचं नाव यहूदा.
आणि जेवणाचं नगरी_पाणी म्हणतात ते उगाच नाही. लेवीय ७ मध्ये तोदाचा बळी आहे, त्याचं मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही उरता कामा नये, आणि सोबत भाकरी, मिश्नात (आमच्या धर्मनियमांचा जुना संग्रह) हिशोब आहे एकूण ४०, त्यातल्या ४ याजकाला. उरलेल्या ३६ एका घराला संपणार कशा? म्हणून लोक बोलवायलाच लागतात आणि बोलावलं की काय झालं ते सांगायलाच लागतं, असा जुन्या भाष्यकारांचा खुलासा. आजारातून उठलेला, समुद्रातून परतलेला, वाळवंट ओलांडलेला, कैदेतून सुटलेला, या चौघांनी आभार मानायलाच हवेत असं तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ, म्हणतो. हार्टचं ऑपरेशन झालेले आजोबा त्यात फिट बसतात.
आमच्यात हेच काम मलिदा करतो. नवस फिटला, लग्न ठरलं, पोरगा परदेशातून सुखरूप आला, की एलियाहू हन्नाबीच्या (संदेष्टा एलीया) नावाने मलिदा. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर खूण आहे, एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतात, तिथे जाऊनही करतात. त्याला आम्ही ना आभार म्हणतो ना उपकारस्तुती. नुसतं "मलिदा आहे, या".

कोरा_कागद:
हे फारच भारी आहे. मलिदा म्हणजे आपला तो खाल्ला जातो तो? मलिदा लाटला वगैरे?

कुलाबकर:
शब्द तोच, पण इथे कुणी लाटत नाही हो. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा, वर फळं. लालसर पोहे मिळाले तर उत्तम, इथे पातळ पोहे मिळतात त्यांचा गिचका होतो.

आजोबा_ऑनलाइन:
साखर की गूळ?

कुलाबकर:
आमच्या घरी साखर. गूळ घालणारेही आहेत, त्यांच्याशी आमचं पटत नाही.

शुद्धलेखन_पोलीस:
आमच्याकडचे दडपे पोहे जवळपास हेच, फक्त तिखट. मूळ कोकणीच पदार्थ असणार हा.

माडाखाली:
झालं सुरू. दडप्यात कांदा असतो, पोलीससाहेब.

कोरा_कागद:
अपडेट: 'उपकारस्तुती'च टाकलं, खाली बारीक अक्षरात 'व स्नेहभोजन'. शंभर कार्डं छापून आली. प्रेसवाल्याने 'उपकारस्तूती' केलंय, त ला दीर्घ. आजींना फोन करून सांगितलं, म्हणाल्या "असू दे, सर्व स्थितीत."

शुद्धलेखन_पोलीस:
जुन्या प्रतीत 'उपकारस्तुति' असं ऱ्हस्व ति असणार. दोन्हीकडून चुकलं.

आजोबा_ऑनलाइन:
@कुलाबकर, खजूर मलिद्यात चिरून घालायचा की वर अख्खा ठेवायचा?