विषय: उत्तर: नेवऱ्यांचे पैसे कोणाचे?

खजिनदार, म्हापसा:
मंडळी, चवथीला मंडळातर्फे विकलेल्या नेवऱ्यांचा (करंज्यांचा) हिशोब लागला. रवा, खोबरं, तूप आणि सात बायकांची मजुरी जाऊन पैसे उरलेत, घोडं तिथंच अडलंय. मंडळ १८६० च्या सोसायटी कायद्याखालचं. आपल्या नियमावलीत सभासदांना नफावाटप बंद. सातांतल्या पाच जणी सभासद. सीए म्हणतात, सेक्शन आठची म्हणजे ना-नफा कंपनी काढा.

एक सभासद, स्विंडन:
ताई, इथं ब्रिटनमध्ये २००५ पासून कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी, म्हणजे समाजहितासाठीची कंपनी, आहे. धंदा खुशाल करा, पण मालमत्ता सभासदांनी वाटून घ्यायची नाही, असं कायद्याचंच कुलूप. लाभांश द्यायचाच तर वाटपयोग्य नफ्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे असं का नाही?

माजी कार्यवाह, फोंडा:
का नाही म्हणजे, कोणी केलं नाही म्हणून! २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या सेक्शन आठमध्ये लाभांश अजिबात नाही. म्हणजे ऑडिट, रिटर्न, बोर्डाच्या सभा एवढा व्याप करून ताईंचा प्रश्न होता तिथंच. सोशल स्टॉक एक्स्चेंजचं, म्हणजे सामाजिक संस्थांनी पैसा उभारायच्या बाजाराचं, तर नावच काढू नका, तिथं नोंदणीला संस्थेचा वर्षाचा खर्च किमान ५० लाख लागतो. आपली नेवरी कशी पोचायची?

दुखणं जुन्या कायद्यातच आहे. नोंदणी झालेली सोसायटी कंपनीसारखी स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं केव्हाच सांगून ठेवलंय. विश्वस्त नसले की मालमत्ता कार्यकारिणीकडे, दावा अध्यक्ष-सेक्रेटरीच्या नावानं. आपल्या खोलीचं खरेदीखत काढून बघा: ‘मंडळातर्फे अध्यक्ष’. ते अध्यक्ष वारून अकरा वर्षं झाली, विजेचं बिल अजून त्यांच्याच नावानं येतं. मी ते त्यांच्या फोटोखाली खिळ्याला लावून ठेवायचो.

गंमत बघा, देवळाच्या महाजनांना (देवळाचा कारभार बघणाऱ्या हक्कदारांना) १९३३ चं देवस्थान नियमन आहे, कोमुनिदादीला (गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेला) १९६१ चा कोड. दोन्ही पोर्तुगीज अमदानीतले, पण देवळाचा नि गावच्या जमिनीचा कारभार कोणी कसा बघायचा ते लिहिलेलं तरी आहे. सात बायकांनी मिळून काही करून विकावं, यासाठी दान आणि धंदा यांच्या मधलं एकही खातं नाही.

माझं ऐकाल तर मंडळाला पुस्तकं-नाटकांपुरतं राहू द्या. बायकांनी २००१ च्या गोवा सहकारी कायद्याखाली वेगळी संस्था काढावी. सहकारात सभासदाला लाभांश मिळतो, त्यात लपवायचं काही नाही. मंडळानं खोली भाड्यानं द्यावी. मंडळाची उद्दिष्टंच बदलायला निघालात तर कलम १२ प्रमाणे महिन्याच्या अंतरानं दोन खास सभा, दोन्हींत तीन-पंचमांश मतं. नाटक नसलं की आपला कोरम भरत नाही, हे मी सांगायला नको.

खजिनदार:
काका, संस्थेचं बायकांना पटलंय. यंदाचं उरलेलं मजुरीचा दर वाढवूनच देते, वहीत तसं लिहिते. फक्त एक सांगा, भाडेकरारावर मंडळातर्फे सही कोणाची घेऊ? कागदावर तर अजून फोटोतलेच अध्यक्ष आहेत.