लाँग रन हळूच बरा

मॅरेथॉनची तयारी करणारे बरेच जण विचारतात, की लाँग रन (सरावातलं लांब अंतराचं पळणं) इतका हळू केला तर रेसला स्पीड कुठून येणार? मलाही आधी हेच वाटायचं, ग्रुपमधल्या फास्ट मंडळींच्या मागे लागायचो आणि १८ किमीलाच पायांचं पार लाकूड. हळू पळताना शरीर चरबी जास्त वापरतं, ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) पुरतं, मॅरेथॉनच्या ४२.१९५ किमीला तेच तर हवं असतं. खूण सोपी, धापा न टाकता गप्पा मारता आल्या पाहिजेत. काल आम्ही २४ किमी असेच बडबडत केले, एकाने अख्खं ऑफिसपुराण ऐकवलं (थांबेचना गडी!) त्यामुळे पेस (पळण्याचा वेग) आपोआप कंट्रोलमध्ये. आणि हो, रेसला जे एनर्जी जेल (पळताना ताकदीसाठी घ्यायचं गोड, घट्ट मिश्रण) घेणार तेच लाँग रनला घेऊन बघा, पोटाचं आधीच कळतं.