मदत हवी आहे: दहावी बडोद्याला, बारावी ऐरोलीत. इंजिनीअरिंगच्या कॅपमध्ये (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत) मुलगी कोणत्या टाइपमध्ये धरतील?

खाडीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मुलगी ऐरोलीत बारावी सायन्सला आहे. राज्य मंडळ, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स). दहावी मात्र बडोद्याला सीबीएसईतून झाली, कारण यजमानांची खासगी कंपनीतली नोकरी तेव्हा तिकडे होती. मुलीचा जन्म ठाण्याचा. मूळ गाव पाटण तालुक्यात, जात कुणबी. तिचा जातीचा दाखला पाटणच्या प्रांत कार्यालयातून काढलेला आहे, पडताळणी अजून केलेली नाही. उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे.

दहावी राज्याबाहेरची म्हणून तिला महाराष्ट्राबाहेरची उमेदवार धरतील का? व्हॅलिडिटीचा, म्हणजे जात पडताळणीचा, अर्ज ठाण्याला करायचा की साताऱ्याला? ४५ टक्क्यांची अट नेमकी कशावर लागते? सहामाहीत गणितात १०० पैकी ३८ आलेत, त्यामुळे धास्ती वाटते. आणि पसंतीक्रम भरताना लोक चुकतात म्हणजे नेमके कुठे चुकतात? तिला कॉम्प्युटर किंवा आयटी हवं आहे, रोजचा प्रवास झेपेल असं कॉलेज हवं.

सेतू_खिडकी

ताई, आधी टाइप पक्का करा. बाकीचे कागद त्यावरून ठरतात.

टाइप ए साठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली लागते, शिवाय जन्म महाराष्ट्रातला किंवा इथला अधिवास. मंडळ कुठलं याला महत्त्व नाही, शाळा कुठे आहे ते बघतात. वाशीतल्या सीबीएसई शाळेतून दहावी झाली असती तर ती टाइप ए मध्येच बसली असती. बडोद्यामुळे ए गेला, जन्म ठाण्याचा असूनही.

म्हणून ती टाइप बी. त्याची अट एवढीच की उमेदवार स्वतः, वडील किंवा आई यांपैकी कुणा एकाचा महाराष्ट्राचा अधिवास असावा. टाइप बी हीसुद्धा महाराष्ट्राचीच उमेदवारी आहे. आरक्षण आणि राज्याच्या जागा दोन्ही मिळतात, ए च्या तुलनेत काही कमी होत नाही. टाइप सी केंद्र सरकारच्या आणि टाइप डी राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आहे, खासगी बदलीला तो लागू नाही.

लागणाऱ्या कागदाचं पूर्ण नाव 'वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र'. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. तलाठ्याचा किंवा नगरसेवकाचा रहिवासी दाखला चालत नाही, तहसीलदारांच्या सहीचा अधिवास दाखलाच लागतो. ऐरोली नवी मुंबईत असली तरी महसुलाच्या हिशेबात ठाणे तालुक्यात येते. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत ठाणे तालुका, खारघर-कामोठे-पनवेल मात्र रायगड जिल्ह्यातला पनवेल तालुका. 'आपले सरकार' पोर्टलवर तालुका चुकीचा निवडला की अर्ज भलत्याच कार्यालयात जातो आणि काही आठवडे तिथेच पडून राहतो.

तुमच्यापैकी कुणाचा जुना अधिवास दाखला घरात असेल तर तो आधी शोधा. नॉन-क्रीमी लेयरसारखा (ओबीसीचा उत्पन्नमर्यादेचा दाखला) तो मुदत संपली की नवा काढावा लागत नाही. नसेल तर मुलीचाच काढा, पुढे महाडीबीटीलाही (सरकारी शिष्यवृत्तीचं पोर्टल) उपयोगी पडेल.

टाइप बी मध्ये होम युनिव्हर्सिटी, म्हणजे उमेदवार ज्या विद्यापीठाचा धरतात ते, अधिवास दाखल्यावरच्या ठिकाणावरून ठरते. ठाणे आलं की मुंबई विद्यापीठ. दाखला पाटणच्या पत्त्यावर काढलात तर शिवाजी विद्यापीठ लागेल आणि ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांत ती बाहेरच्या विद्यापीठाची ठरेल. 'गावाला लवकर मिळतो' म्हणून तिकडे काढू नका.

दाखलेवाला

व्हॅलिडिटीचा अर्ज साताऱ्यालाच. ज्या जिल्ह्यातून जातीचा दाखला मिळाला, त्या जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे प्रकरण जातं. राहता कुठे, याचा इथे संबंध नाही. अर्ज ऑनलाइन असतो, बारावीच्या कॉलेजचं सही-शिक्क्याचं शिफारसपत्र त्याला जोडावं लागतं. ते पत्र कॉलेज सुरू असताना घ्या. परीक्षा संपल्यावर ऑफिसात माणूस भेटत नाही.

खरं काम पुराव्याचं आहे. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा बघतात, म्हणजे आजोबा-पणजोबांचा. पाटण भागात दोन जागी हमखास सापडतो. पहिली जागा जिल्हा परिषदेच्या शाळेचं जुनं रजिस्टर. मुख्याध्यापकांकडून आजोबांच्या नोंदीचा निर्गम उतारा मागा. दुसरी तहसीलचं अभिलेख कक्ष, तिथे गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, जिला गावात कोतवाल बुक म्हणतात. उतारा हातात पडला की तिथेच खिडकीशी उभं राहून चार गोष्टी वाचून काढा: नाव, बापाचं नाव, जात, तारीख. आजोबांचं नाव रजिस्टरला 'धोंडी' आणि पुढच्या सगळ्या कागदांवर 'धोंडिराम' असेल, तर दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ लागते. समितीची त्रुटी बहुतेक वेळा याच फरकावर निघते.

मुलीच्या वडिलांच्या बाजूला कुणाची, म्हणजे काका, आत्या, चुलत भावंडं, यांपैकी कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर ती वंशावळीसकट जोडा. काम खूप हलकं होतं. आईकडच्या नातेवाइकांची धरत नाहीत.

अर्जाची पोचपावती जोडून कॅपला नोंदणी करू देतात, पण ठरलेल्या तारखेच्या आत मूळ प्रमाणपत्र दाखल झालं नाही तर उमेदवार खुल्या गटात जातो. निकालानंतर धावपळ करणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं, आणि ते पाहून फार वाईट वाटतं, कारण मुलांनी अभ्यास केलेला असतो. आजच अर्ज टाका.

नॉन-क्रीमी लेयर २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध हवं. हातातला दाखला मार्च २०२६ ला संपत असेल तर कॅपला तो चालणार नाही.

डेरिव्हेटिव्ह

४५ टक्क्यांबद्दल. ही अट सीईटीवर (राज्याच्या प्रवेश परीक्षेवर) नाही, बारावी बोर्डाच्या गुणांवर आहे, आणि तीही तीन विषय एकत्र धरून. फिजिक्स आणि मॅथ्स सक्तीचे, तिसरा केमिस्ट्री किंवा नियमात दिलेल्या पर्यायी विषयांपैकी एक. ३०० पैकी १३५ हवेत. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के, म्हणजे १२०. मॅथ्स ३८, फिजिक्स ४७, केमिस्ट्री ५४ असे आले तरी बेरीज १३९ होते आणि खुल्या गटातूनही पात्रता बसते. प्रत्येक विषयात ३५ ची पास रेघ मात्र ओलांडायलाच हवी. राज्य मंडळात मॅथ्सला ८० लेखी आणि २० अंतर्गत, फिजिक्स-केमिस्ट्रीला ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकलची जर्नल वेळेवर तपासून घेतली तरी पात्रतेचा बराच भार उतरतो.

बोर्डाचे गुण पात्रतेपुरते, क्रम सीईटीवर लागतो. तिथे मॅथ्सचं वजन निम्मं आहे: ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, एकूण १००. फिजिक्स आणि केमिस्ट्री प्रत्येकी ५० प्रश्न, १ गुणाचे. आधी ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्री, ती वेळ संपली की मॅथ्सची ९० मिनिटं. एकीकडची उरलेली वेळ दुसरीकडे नेता येत नाही. हिशेब केला तर पहिल्या भागात प्रश्नाला ५४ सेकंद, मॅथ्समध्ये १०८ सेकंद. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. शेवटची तीन मिनिटं उरलेल्या प्रश्नांवर खुणा करायला राखून ठेवा.

साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे, पण सगळी अकरावी नाही. मॅथ्समध्ये ठरावीक प्रकरणं आहेत: ट्रिगोनोमेट्री भाग दोन, स्ट्रेट लाइन, सर्कल, मेजर्स ऑफ डिस्पर्शन, प्रॉबॅबिलिटी, कॉम्प्लेक्स नंबर्स, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, फंक्शन्स, लिमिट्स, कंटिन्युइटी. ३८ वर असलेल्या मुलीने आधी बारावीचं डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन हातात घ्यावं. बोर्डालाही तेच, सीईटीलाही तेच. स्ट्रेट लाइन आणि सर्कल कच्चं राहिलं तर बारावीचं पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स आणि लाइन अँड प्लेनही डळमळतं, हे बऱ्याच मुलांच्या लक्षात उशिरा येतं.

आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण असणारे १०० त ९०.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. अधिवास ठाण्याच्याच पत्त्यावर काढतो, साताऱ्याचा अर्ज या आठवड्यात टाकतो. एक राहिलं. सीबीएसईच्या गुणपत्रिकेवर तिचं फक्त नाव-आडनाव आहे, आईवडिलांची नावं वेगळ्या ओळीत. बारावीला आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं येणार. अडेल का?

सेतू_खिडकी

नावांचा क्रम वेगळा असला म्हणून अडत नाही, स्पेलिंग वेगळं असलं की अडतं. जातीचा दाखला, आधार, बारावीचा बोर्डाचा फॉर्म यांत एक अक्षरही इकडेतिकडे नको. बोर्डाच्या फॉर्मची प्री-लिस्ट कॉलेज सहीला देतं तेव्हा आडनावाचं स्पेलिंग अक्षर अक्षर बोट ठेवून वाचायला सांगा, दुरुस्ती तेव्हा सोपी असते. ई-स्क्रूटिनी (कागदांची ऑनलाइन तपासणी) निवडलीत तर रोज लॉगिन बघा. त्रुटी काढून अर्ज परत पाठवतात आणि मुदत संपेपर्यंत पालकांना पत्ता नसतो.

ट्रान्सहार्बर

पसंतीक्रमाबद्दल. यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते आणि मेरिटला मिळणारी पहिली जागा देते. वर अवघड कॉलेज लिहिल्याने खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही. म्हणून क्रम आपल्या इच्छेचा लावायचा. गेल्या वर्षीचा कटऑफ फक्त यादी किती खोल न्यायची ते ठरवायला वापरा.

जपायचं ते ऑटो-फ्रीझला. २०२५-२६ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी जागा लागली की ती आपोआप गोठत होती, आणि न स्वीकारणारा पुढच्या फेऱ्यांतून बाद. यंदाचं माहितीपत्रक आलं की हे आकडे पहिल्यांदा तपासा. वरच्या सहा जागी 'बघू मिळतंय का' म्हणून काहीही लिहू नका. बेटरमेंट (हातातली जागा ठेवून वरच्या पसंतीसाठी थांबणं) घेतलंत आणि पुढे वरची जागा लागली, तर हातातली आपोआप जाते.

ऐरोलीहून प्रवास धरून बघा. दत्ता मेघे कॉलेज घरापाशीच. ट्रान्स-हार्बरने वाशीचं फादर अ‍ॅग्नेल, नेरुळचं तेरणा आणि एसआयईएस, कोपरखैरण्याचं लोकमान्य टिळक सोयीचं. घोडबंदरचं ए. पी. शहा चांगला पर्याय आहे, पण ठाणे स्टेशनपासून कासारवडवलीपर्यंतचा रस्ता सकाळी किती वेळ खातो ते एकदा आठ वाजता जाऊन बघा, मग क्रम ठरवा. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत निम्म्याहून जास्त जागा त्या समाजासाठी राखीव असतात, तिथला कटऑफ वाचताना कोणत्या जागेचा आहे ते नीट पाहा.

टीएफडब्ल्यूएसचे (शिक्षण शुल्क माफीच्या जागांचे) पर्याय वेगळे भरावे लागतात. चॉइस कोडच्या शेवटी 'टी' असतो. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला लागतो.

पनवेल_लोकल

याच धाग्यात विचारतो. पुतण्या दहावीनंतर डिप्लोमाला गेला तर सीईटी द्यावी लागेल का?

डेरिव्हेटिव्ह

नाही. तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, डिप्लोमाच्या गुणांवर. अट तीच, ४५ किंवा ४० टक्के. अडचण गणिताची येते. पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित न करता मूल एकदम लाप्लास आणि फुरियेवर जाऊन बसतं. शेवटची परीक्षा आणि कॉलेज सुरू होणं यांच्यामधल्या सुट्टीत इंटिग्रेशन आणि पार्शल फ्रॅक्शन्स पक्के करून घ्या.

दाखलेवाला

खाडीकाठ ताई, फीबद्दल कुणी लिहिलं नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. पण प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. संस्था स्तरावरच्या किंवा मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला हे मिळत नाही, आणि अभिमत विद्यापीठं तर कॅपमध्येच नसतात. नवी मुंबईत तेही पर्याय आहेत, म्हणून चौकशी करताना हा प्रश्न पहिला विचारा. मुलीच्या नावाचं बँक खातं आताच उघडा आणि आधार त्या खात्याला जोडून घ्या. महाडीबीटीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, आणि घरात दोन-तीन खाती असली की ते भलत्याच, बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं निघतं.