मराठी ब्लॉगवर जाहिराती लावाव्यात का?

तिरफळ
९ वर्षं मालवणी स्वयंपाकावर ब्लॉग लिहितेय. गेल्या वर्षी पहिल्यांदा अ‍ॅडसेन्सच्या, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे देणाऱ्या गूगलच्या सेवेच्या, जाहिराती लावल्या. १० डॉलर जमल्यावर पत्ता पडताळायला पोस्टानं पिन आला, आईनं तो कागद देवासमोर ठेवला. १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. मला तिथवर पोचायला १४ महिने लागले.

परवा एका जुन्या वाचक मावशींचा मेल आला. वड्यांचं पीठ मळता मळता त्या माझी कोंबडीच्या वाटणाची कृती बघत होत्या. पिठाचा अंगठा फोनला लागला आणि वजन कमी करायच्या गोळ्यांचं पान उघडलं. परत कृती सापडेपर्यंत कढईतलं खोबरं करपलं. फार वाईट वाटलं. तरीही माझं मत आहे की मेहनतीचे पैसे घ्यावेत. तुम्हाला काय वाटतं?

गावकूस
माझा विरोध आहे. मावशी ते पान तुमच्या नावावर विश्वास ठेवून उघडतात, त्या गोळ्याही त्याच विश्वासावर त्यांच्यापुढे येतात. शिवाय लिहिणं बदलतं. द्राक्षावरच्या भुरी रोगाबद्दल नेमकं लिहिणारा एक ब्लॉग मी वाचायचो: पान कसं दिसतं, फवारणी कधी, प्रमाण किती. जाहिराती आल्यापासून ते प्रमाण शोधायला पाच परिच्छेद खाली उतरावं लागतं. दर परिच्छेदानंतर एक जाहिरात. बाग वाळत असताना माणसानं हे वाचायचं?

पानसुपारी
असहमत. जाहिरात आली की लेखन बाटलं, असं मानलं तर आपली दिवाळी अंकांची परंपराच उभी राहिली नसती. १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. आजही बऱ्याच अंकांच्या विक्रीतून छपाईसुद्धा निघत नाही. बँका, सराफ, मसालेवाले जाहिराती देतात म्हणून लेखकाला चार पैसे मानधन मिळतं.

आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी वाट किती पाहिली तेही बघा. अ‍ॅडसेन्सनं हिंदी ब्लॉग घ्यायला सुरुवात केली २०१४च्या अखेरीस, मराठीला २०१८ उजाडलं. माझ्या ओळखीतले दोघं तोवर हिंदीत लिहायला लागले होते. चांगलं लिहायचे हो मराठीत! दार उघडलंय तर आत जाणाऱ्याला अडवू नका.

गावकूस
दिवाळी अंकाची तुलना इथे लागू होत नाही. पान ४२वर काय छापलंय हे संपादकाला माहीत असतं, नको ती जाहिरात तो परत पाठवतो. इथे पान उघडलं की दर वेळी जाहिरातीच्या जागेचा आपोआप लिलाव होतो आणि प्रत्येक वाचकाला वेगळी जाहिरात दिसते. मावशींना काय दिसलं, हे त्यांचा मेल येईपर्यंत तिरफळताईंना ठाऊक तरी होतं का?

घंगाळ
मी स्वतः जाहिराती लावतो, म्हणून थोडं कामाचं सांगतो. ताई, तुमच्याकडे ‘ऑटो अ‍ॅड्स’ चालू असणार, त्यात जाहिरातीची जागा गूगलच ठरवतं. ते बंद करा, मग जाहिरात कुठे यायची ते तुम्ही ठरवाल. ‘ब्लॉकिंग कंट्रोल्स’मध्ये संवेदनशील प्रकारांची यादी आहे. तिथे वजन घटवणं, ज्योतिष, झटपट श्रीमंती हे सगळं बंद करता येतं. शंभर टक्के थांबेल असं नाही, पण बराच फरक पडतो.

आणि कृपा करून घरच्यांना ‘क्लिक करा रे’ म्हणू नका. माझ्या मित्रानं हौसेनं कॉलेजच्या ग्रुपवर लिंक टाकली, पोरांनी मदत म्हणून धडाधड जाहिराती दाबल्या. जाहिरात कंपनीनं ते खोटे क्लिक धरून खातंच बंद केलं. ९१ डॉलर जमले होते, एक पैसा मिळाला नाही.

शेवंती
मी नुसती वाचणारी. शेवटी एक जाहिरात असली तर माझी काही हरकत नाही. पण कृतीच्या मध्ये नको, फोडणी थांबत नाही.

तिरफळ
घंगाळ, तुम्ही सांगितलंत तसं काल रात्री बसून केलं. कृतीच्या मधल्या सगळ्या जागा काढल्या, लेख संपल्यावर एकच ठेवली. गोळ्या आणि ज्योतिष बंद. मावशींना कळवलंय. कमाई निम्म्याहून खाली येईल, येऊ दे. पण ती एक जागा मी काढणार नाही. डोमेन आणि होस्टिंगचे वर्षाला साडेचार हजार मी इतकी वर्षं शिवणाच्या पैशांतून भरलेत.

गावकूस
मधल्या जागा काढल्यात, मनापासून आभार. शेवटच्या जाहिरातीबद्दल माझं मत तेच आहे. पैसे वाचकांकडून उघड मागा. पुस्तिका काढा, मी दीडशे रुपये देऊन घेईन.

तिरफळ
दादा, तुम्ही घ्याल याची खात्री आहे. पण मागूनही पाहिलंय. ब्लॉगवर दोन वर्षं यूपीआयचा क्यूआर कोड होता. ११ जणांनी पैसे पाठवले, त्यातले ४ माझे नातेवाईक.