शब्दचर्चा : मंडळीने न्याय करायचा, द्यायचा की मागायचा?

नगरवाली :
तीन दिवस एका वाक्यापाशी अडून बसले आहे. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, वार्षिक सभा जवळ आली. वर्षभराच्या कामाचा ठराव वरच्या कार्यालयातून इंग्रजीत आलाय आणि 'बाई मराठी शिकवतात' म्हणून तो माझ्या गळ्यात पडलाय. 'काँग्रिगेशन', 'कम्युनिटी' आणि 'सोशल जस्टिस' असे तिन्ही शब्द एकाच ओळीत, क्रियापद 'परस्यू'. मी लिहिलं, 'मंडळीने समाजात सामाजिक न्याय प्रस्थापित करावा.' सेक्रेटरींनी चष्मा वर करून विचारलं, 'बाई, हे आपण करायचं की सरकारने?'

त्यांचंही बरोबर आहे. महाराष्ट्रात 'सामाजिक न्याय' म्हटलं की आधी मंत्रालयातला विभाग आठवतो. पूर्वीचं समाजकल्याण खातं आता सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग झालं. २६ जूनला, शाहू महाराजांच्या जयंतीला, सामाजिक न्याय दिन असतो. म्हणजे शिष्यवृत्ती, वसतिगृह, दाखले. रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बसलेल्या माणसाला हे आपलं काम वाटेल असा शब्द हवा आहे.

मुद्रितशोधक :
आधी 'मंडळी'चं बघू. बाकीच्या मराठीत मंडळी म्हणजे पंगतीला आलेली, बैठकीला जमलेली, नाहीतर भाषणाच्या सुरुवातीची ('नमस्कार मंडळी'). जुन्या माणसांच्या तोंडी तर 'आमची मंडळी' म्हणजे बायको. ख्रिस्ती मराठीत मात्र हा शब्द पक्का झालाय, इतका की त्याचं अनेकवचनही होतं : 'आशियातील सात मंडळ्या'. इतर कुणी 'मंडळ्या' म्हटलं तर मी लाल शाई लावीन.

मूळ ग्रीक 'एक्लेसिया'. हा शब्द देवळातला नव्हे, नगरातला. अथेन्समध्ये नागरिक एकत्र बसून निर्णय घेत, त्या सभेला एक्लेसिया म्हणत. बसलेल्या प्रत्येकाला मत असे. (बायका आणि गुलाम त्या सभेत नव्हते, हेही सांगून टाकतो.) आपल्या 'मंडळी'त जमण्याचा अर्थ आला, ठरवण्याचा हरवला. मंडळी ऐकते, गाते, घरी जाते. ठरवते ती कमिटी.

तरी शब्द ठेवा. 'चर्च' लिहिलंत तर लोकांना इमारत दिसेल.

वसईचा :
आमच्याकडे मंडळी कमी, 'धर्मग्राम' जास्त. म्हणजे पॅरिश, एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. मला हा शब्द आवडतो, कारण त्यात गाव आहे. बोलताना आम्हीही 'देवळात'च जातो. गोव्यात 'इगर्ज' म्हणतात, ते पोर्तुगीजांकडून आलेलं.

पण तुमच्या वाक्यात खरा घोळ घालतोय तो 'समाज'. 'आमच्या समाजातली मुलगी', 'समाजाचा मेळावा', 'समाजाचं सभागृह' : बोली मराठीत समाज म्हणजे जात किंवा पंथ. 'मंडळीने समाजात न्याय' असं वाचलं की आमचा माणूस समजेल, ख्रिस्ती लोकांत. हिंदू शेजारी समजेल, यांचं यांच्यात काहीतरी चाललंय.

आमच्याकडे १९८० च्या दशकाच्या अखेरीला हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. बागायती वाड्या बांधकामाला मोकळ्या होत होत्या, विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जात होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते, तेच पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मोर्च्याला माणसं देवळातून निघाली तशी बाजूच्या आळीतूनही निघाली. विहीर आटताना जात बघत नाही. त्याला 'ख्रिस्ती समाजाचं आंदोलन' म्हटलं असतं तर आठवड्यात गुंडाळलं गेलं असतं. म्हणून म्हणतो, 'समाजात' काढा आणि 'गावात' किंवा 'वस्तीत' लिहा.

निवृत्त कारकून :
३१ वर्षं कोर्टात काढली, म्हणून क्रियापदांवर बोलतो. न्यायाच्या शेजारी कुठलं क्रियापद बसतं त्यावरून माणूस कुठे उभा आहे ते कळतं. न्याय 'करतो' तो खुर्चीतला. न्याय 'देतो' तोही खुर्चीतलाच. (नटाने भूमिकेला न्याय दिला म्हणतात, तिथेही नट भूमिकेपेक्षा मोठा.) 'मिळवून देतो' तो वकील, फी घेऊन. 'मागतो' तो दारातला. आणि 'प्रस्थापित करावा' हे कुणीच करत नाही, ते फक्त ठरावात असतं.

मंडळीने कुठे उभं राहायचं हे आधी ठरवा, क्रियापद आपोआप सापडेल.

हिब्रूचा विद्यार्थी :
वरच्या मुद्द्याला जोडून. बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याचं वचन सगळ्यांना पाठ असतं. त्यात देव माणसाकडे तीन गोष्टी मागतो. हिब्रूत पहिली आहे 'मिश्पात करणं'. मिश्पात म्हणजे निवाडा, ज्याचा जो हक्क तो त्याला मिळणं. हा वेशीजवळच्या न्यायसभेतला शब्द. आपल्या जुन्या मराठी बायबलमध्ये तिथे काय आहे? 'नीतीने वागणे, आवडीने दया करणे.' न्याय गेला, नीती आली. नीतीने वागायला दुसरा माणूस लागत नाही. खोटं बोलू नये, दारू पिऊ नये, झालं. मिश्पात एकट्याने होत नाही, त्याला कुणाची तरी तक्रार लागते.

दुसरा शब्द 'त्सेदाका', म्हणजे सरळपणा, न्यायीपणा. मराठीत बहुतेक ठिकाणी नीतिमत्त्व. गंमत अशी की ज्यू लोकांत पुढे गरिबाला दिलेल्या दानालाच त्सेदाका म्हणू लागले. जे दिलं ते उपकार नव्हेत, त्याचं देणं होतं, हा अर्थ शब्दातच बसला. आपल्या 'दान'मध्ये पुण्य देणाऱ्याला मिळतं.

आणखी एक. 'मिश्पात'च्याच धातूपासून 'शोफेतीम' होतो, न्याय करून लोकांना सोडवणारे. बायबलमधल्या त्यांच्या पुस्तकाचं मराठी नाव 'शास्ते'. त्यांतली दबोरा खजुरीच्या झाडाखाली बसायची आणि लोक तिच्याकडे निवाड्याला यायचे. 'शास्ते' म्हटल्यावर तिच्या हातात छडी दिसते.

भाषांतरकारांना दोष देत नाही, ओळीची लय आणि जुन्या मराठीची मर्यादा असतेच. पण परिणाम झाला. आपल्या प्रवचनांत 'न्याय' उरला तो जगाच्या शेवटी येणाऱ्या न्यायाच्या दिवसापुरता, आणि तोवर आपण दया करायची.

मुद्रितशोधक :
पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल नव्याने मराठीत आणायला घेतलं, साध्या बाईला कळेल अशा भाषेत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते छपाईचे खिळे जुळवायचं आणि छापायचं काम बायकांनी केलं. १९२२ मध्ये बाई गेल्या, छापील ग्रंथ १९२४ मध्ये आला. दुष्काळातून आणलेल्या मुलींना भाकरी देऊन त्या थांबल्या नाहीत, हातात खिळे दिले. दया आणि न्याय यांतला फरक विचारलात तर मी या छापखान्याकडे बोट दाखवीन.

शांतिप्रिय :
मंडळीचं काम येशूची सुवार्ता सांगणं. मोर्चे आणि तहसील कचेऱ्या राजकारण्यांना सोडा. 'सेवा' हा शब्द पुरेसा आहे.

नगरवाली :
शांतिप्रिय, 'सेवा' मी लिहून पाहिला. आमच्याकडे 'ते सेवेत आहेत' म्हणजे प्रचारक आहेत, 'सेवा झाली' म्हणजे उपासना झाली. शब्दाला आधीच दोन नोकऱ्या आहेत, तिसरी झेपणार नाही.

पण हा प्रश्न माझ्या डोक्यात का बसला ते सांगते. आमच्या मंडळीत एक आजी आहेत, सत्तरीच्या पुढच्या, जन्मभर चार घरची धुणीभांडी केलेल्या. बोटांच्या रेषाच पुसल्यात. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लागत नाही. 'थम येत नाही, पुढच्या महिन्यात या.' असे चार महिने. नाताळात आम्ही त्यांना तांदळाची पिशवी, साखर आणि साडी दिली, फोटो काढला. आजींनी पिशवी घेतली आणि हळूच विचारलं, 'बाई, हा माझा तांदूळ का तुमचा?'

मला उत्तर आलं नाही. अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी महिना ५ किलो त्यांचा हक्काचा. आम्ही वर्षातून एकदा ५ किलो आमचं म्हणून दिलं. मग पाळकसाहेबांची (आमच्या पास्टरांची) बायको आणि मी त्यांना घेऊन तहसील कचेरीतल्या पुरवठा शाखेत गेलो. नंबर बरोबर होता, सुनेचं नाव मात्र रेशनकार्डावर चढलंच नव्हतं. नाहीतर तिचा अंगठा चालला असता. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला बाहेर बाकावर त्याच कामाला आलेल्या आणखी सहा बायका भेटल्या, त्यातली एकच आमच्या मंडळीची.

निवृत्त कारकून :
मग शब्द तुमच्या बाकावरच बसलाय. 'दाद'. दाद मागणे, दाद लागणे, दाद लावून घेणे. 'कुणी दाद घेत नाही' हे तर त्या बायका रोज म्हणत असतील. गायकाला देतात तीही दादच. दोन्हीकडे अर्थ एकच, ऐकलं गेल्याची पावती.

शिवाय तुमच्याकडे 'साक्ष देणे' आहेच. दर रविवारी कुणीतरी उभं राहून साक्ष देतं ना? आमच्या कोर्टातही तोच शब्द. फरक इतकाच की आमच्याकडे साक्षीदार दुसऱ्याच्या बाजूने उभा राहतो.

पाणलोटवाला :
'दाद' चांगला आहे, एक सावधगिरी सांगतो. नगर जिल्ह्यातच स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाचं मोठं काम उभं केलं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणायचे, बांध घालायचे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. टँकरच्या गावांत विहिरींना पाणी आलं. पण पाणी येतं ते जमीन असलेल्याच्या विहिरीला, आणि चराईबंदी बसते ती चार शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन बाईवर. सगळ्यांचं भलं होतंय असं दिसत असताना कुणाचं तरी हातचं जातं. म्हणून चांगल्या पाणलोट समित्यांत भूमिहीनांना आणि बायकांना बसवायचा आग्रह असतो. तुमच्या ठरावात 'दाद' येऊ दे, पण दाद मागणारीला कमिटीत खुर्ची आहे का तेही लिहा.

दुसरा नगरकर :
आता कडू बोलतो. बाहेरचा न्याय मागताना आतलंही बघा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, २०२२ मध्ये याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला. दरवर्षी त्या आदेशाच्या तारखेला, १० ऑगस्टला, काळा दिवस पाळतात, मीही फीत लावतो.

पण सरकारने जात मोजावी म्हणायचं आणि मंडळीत लग्न जमवताना 'मूळचे कोणाकडचे?' विचारायचं, हे दोन्ही आपणच करतो. तिरुचिरापल्लीला कॅथलिक दफनभूमीत जातीची भिंत आहे. आपल्याकडे भिंत नाही, स्थळांची वही आहे. २०१६ मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांसाठी धोरण जाहीर केलं, त्यात चर्चमध्ये भेदभाव चालतो हे कबूल केलंय. 'कबुली' हाही मंडळीचाच शब्द. ठरावात त्याला जागा करा.

वसईचा :
आणि वाटपाच्या फोटोंबद्दल थोडं. हल्ली ख्रिस्ती मंडळीने तांदळाची पिशवी उचलली की धर्मांतराचं 'आमिष' हा शब्द तयारच असतो. पुरवठा शाखेच्या बाकावर सातही बायकांचे अर्ज भरलेत तर आमिष कशाचं म्हणणार? तांदूळ सरकारचा.

नगरवाली :
सगळ्यांचे आभार. हे लिहिलंय :

'आपल्या वस्तीत ज्यांची दाद लागत नाही, ते कुणीही असोत, त्यांच्याबरोबर मंडळीने जावे आणि दाद लागेपर्यंत जात राहावे. त्यांच्यातल्या निदान दोघींना पंच कमिटीत घ्यावे. आपल्यातही जातीमुळे कुणावर अन्याय झाला असल्यास त्याची कबुली सभेत द्यावी.'

तिसरं वाक्य कमिटी खोडेल असं वाटतंय. खोडलं तर सभेत उभी राहून वाचीन. 'सामाजिक न्याय' शीर्षकात ठेवलाय, वरच्या कार्यालयाला ओळख पटावी म्हणून. राज्यघटनेच्या उद्देशिकेत 'सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय' आहेच, त्यामुळे शब्द आपलाही आहे.

मुद्रितशोधक :
'जात राहावे' दोन अर्थांनी वाचता येतं. 'जात' हे नाम समजलं तर पंचाईत.

नगरवाली :
अरे देवा! 'खेपा घालत राहावे' करते.

निवृत्त कारकून :
उत्तम. कुठे ते लिहायचं राहिलं.

नगरवाली :
पुरवठा शाखा, मंगळवारी, साडेदहाला. सेक्रेटरी म्हणालेत, गाडी ते काढतील.